कबूस: मालगाडीच्या शेवटच्या डब्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. त्यामुळे अमेरिकेतल्या रेल्वेवर मी काही लिहिलं की ओळखीतले लोक फिरून फिरून शेवटच्या डब्यावर येतात. गेली काही वर्षं मी तिथल्या एकाच लहान रेल्वेच्या मागे लागलो आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचं राज्य आहे, तिथली बँगोर अँड अरूस्टुक. खालची बरीच उत्तरं तिच्याच निमित्ताने दिली आहेत.

कबूस म्हणजे आपला गार्डचा डबाच ना?

काम बरंचसं तेच, संसार वेगळा. आपल्या ब्रेक व्हॅनमध्ये गार्ड एकटा असतो. कबूसमध्ये कंडक्टर आणि त्याच्या जोडीला एक-दोन ब्रेकमन असायचे. तिकडे ड्रायव्हरला इंजिनिअर म्हणतात. इंजिन त्याच्या ताब्यात असलं तरी गाडीचा प्रमुख कंडक्टर. एसटीतला कंडक्टर डोळ्यांसमोर आणू नका. याच्या हातात तिकिटं नसत, प्रत्येक वॅगनचे कागद असत: काय भरलंय, कुठून आलं, कुठे सोडायचं.

दुसरा फरक मुक्कामाचा. आपल्याकडे गार्ड परगावी पोचला की रनिंग रूममध्ये झोपतो. तिकडे बरीच वर्षं माणसं कबूसमध्येच झोपत आणि तिथल्याच शेगडीवर शिजवून खात. जुन्या काळी तर डबा कंडक्टरच्या नावावर असे. तो कामावर आला की त्याचा डबा गाडीला लागायचा, त्याची पाळी संपली की सुटायचा. साहजिकच लोक डबा सजवत. पडदे, कॅलेंडर, घरून आणलेली उशी. पुढे रेल्वे कंपन्यांनी डबे सामायिक केले, तेव्हा ही हौस आटली. सामायिक वस्तूचं जे होतं ते कबूसचंही झालं. झाडायचा कुणी, हा प्रश्न पडायला लागला.

हे नाव आलं कुठून?

जहाजावरून. जहाजाच्या डेकवरच्या स्वयंपाकाच्या खोपटाला डच भाषेत याच्या जवळपासचा शब्द होता, तो इंग्रजीत आला आणि तिथून रुळांवर उतरला. न्यूयॉर्क अँड हार्लेम रेल्वेविरुद्धच्या १८५९ च्या एका खटल्याच्या कागदांत तो रेल्वेच्या डब्यासाठी वापरलेला सापडतो. सगळेच कबूस म्हणत असंही नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेवर ती ‘केबिन कार’, बर्लिंग्टनवर ‘वे कार’, कॅनडात ‘व्हॅन’. कामगारांची स्वतःची नावं आणखी वेगळी होती, त्यातलं ‘क्रमी’ म्हणजे कळकट हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

बँगोर अँड अरूस्टुकच का निवडली?

कारण ती आवाक्यात मावते. पेनसिल्व्हेनियासारख्या अवाढव्य रेल्वेचा इतिहास वाचायला घेतला की माणूस हरवतो. ही १८९१ मध्ये स्थापन झाली, मेनच्या उत्तरेकडच्या जंगलात आणि बटाट्याच्या शेतांत गेली, आणि तिचं गणित सरळ होतं. एका बाजूने अरूस्टुक जिल्ह्याचा बटाटा, दुसऱ्या बाजूने मिलिनॉकेटसारख्या गावांतल्या कागद कारखान्यांचा माल. प्रवासी गाड्या १९६१ मध्येच बंद झाल्या. त्यानंतर उरली ती निव्वळ मालाची रेल्वे.

बटाट्याची गंमत सांगायलाच हवी. बर्फ भरून माल थंड ठेवणाऱ्या वॅगनचा या चिमुकल्या रेल्वेचा ताफा १९५० च्या दशकात रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या मालकीच्या ताफ्यांत देशात दुसऱ्या क्रमांकाचा होता, पहिला सांता फे रेल्वेचा. अशा थंड जागी थंड वॅगन कशाला? तर हिवाळ्यात बटाटा गोठू नये म्हणून. भिंती जाड, आत शेगडी पेटवायची. म्हणजे शीतपेटीची उबपेटी. उन्हाळ्यात त्याच वॅगन पश्चिमेकडच्या फळांसाठी भाड्याने जायच्या. १९६९-७० च्या हिवाळ्यात पुढची जोडरेल्वे पेन सेंट्रल हिचा कारभार कोलमडला, वाटेत अडकलेल्या वॅगनमधला बटाटा वाया गेला, आणि शेतकरी ट्रककडे वळले ते वळलेच.

डब्यातली माणसं दिवसभर करायची काय?

बघायची. हे उत्तर चेष्टेचं वाटेल, पण खरं आहे.

त्या काळी वॅगनच्या अ‍ॅक्सलची टोकं तेलात भिजवलेल्या चिंध्यांच्या पेटीत फिरत. तेल कमी पडलं की टोक तापायचं, चिंध्या पेटायच्या, आणि वेळीच लक्षात आलं नाही तर अ‍ॅक्सल तुटून गाडी रुळांवरून खाली. आपल्याकडे याला ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणतात. मागे बसलेला माणूस वळणावर गाडीच्या कुशीकडे बघत राहायचा: धूर दिसतोय का, रात्री ठिणगी दिसतेय का. कित्येकदा डोळ्यांआधी नाकाला कळायचं.

दुसरं काम गाडी अवचित थांबली की सुरू व्हायचं. मागून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून मागचा ब्रेकमन झेंडा किंवा कंदील, लाल जळणारी मशाल आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन उलटा चालत जायचा. आपल्याकडेही हेच. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे. तिकडे त्या माणसाला परत बोलवायला ड्रायव्हर लांब शिट्ट्या द्यायचा. पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे गेलेला असेल तर चार, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे गेलेला असेल तर पाच. उत्तर मेनमध्ये जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत उतरतो. त्यात अंधारात, गुडघाभर बर्फात, पाचवी शिट्टी होते की चौथ्यावरच थांबते याकडे कान लावून उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा.

तिसरं काम सांधे बदलायचं, वॅगन जोडायच्या-सोडायच्या, कागद जुळवायचे. बटाट्याची गोदामं रुळांच्या कडेने ओळीने असत, आणि कुठे दोन वॅगन उचल, कुठे एक ठेव, हे करताना मागच्या टोकाला माणूस नसेल तर काम रेंगाळायचं.

चौथं काम ब्रेकचं. कबूसमध्ये हवेच्या दाबाचं घड्याळ आणि एक व्हॉल्व्ह असायचा. पुढे काही बिनसलं आहे असं वाटलं तर कंडक्टर तो उघडून मागूनच गाडीला ब्रेक लावू शकायचा. हा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हवेचे ब्रेक यायच्या आधी?

आधी ब्रेकमन धावत्या गाडीच्या छपरावरून या वॅगनवरून त्या वॅगनवर उड्या मारत एकेक चाक हाताने आवळायचे. हातात दांडका, पायाखाली दव किंवा बर्फ. किती मेले, किती लुळे झाले त्याला सुमार नाही. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८७० च्या आसपास आला, पण सगळ्या मालगाड्यांना तो लावायला १८९३ चा कायदा करावा लागला. माणूस स्वस्त असला की यंत्र महाग वाटतं.

कबूसच्या छपरावर ती काचेची घुमटी असते, ती कशासाठी?

उंचावरून गाडीच्या डोक्यावरून पुढे बघता यावं म्हणून. तिची जन्मकथा अशी सांगतात की १८६३ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या वॉटसन नावाच्या कंडक्टरला छपराला भोक असलेला डबा मिळाला. तो पेट्या रचून त्यावर बसला, डोकं भोकातून बाहेर काढलं आणि त्याला ते दृश्य इतकं आवडलं की त्याने कारखान्याला तिथे काचेची खोली बांधायला सांगितलं. गोष्ट इतकी नीटनेटकी आहे की मला थोडा संशय येतो, पण बदलून सांगवतही नाही.

पुढे वॅगनच उंच झाल्या, घुमटीतून समोर नुसती पत्र्याची भिंत दिसायला लागली. मग भिंतीतूनच बाहेर आलेल्या खिडकीचा कबूस निघाला. असा पहिला डबा १९२३ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन, कँटन अँड यंग्सटाउन या लहानशाच रेल्वेने आपल्या कारखान्यात केला. नंतर बाल्टिमोर अँड ओहायोने तो इतका उचलून धरला की लोक शोधाचं श्रेयही तिलाच देतात.

आतून डबा कसा असायचा?

मध्ये लोखंडी शेगडी, जमिनीला बोल्टने पक्की. तिच्या वरच्या पत्र्याला चहूबाजूंनी उभी कड असते. अशी कड घरच्या शेगडीला कधी पाहिली नव्हती. कशाला असेल, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर कॉफीच्या किटलीत आहे. धक्का बसला की किटली कडेला जाऊन अडते, माणसाच्या मांडीवर येत नाही. शेगडीच्या दाराला कडीही दुहेरी, नाहीतर निखारे जमिनीवर. बाकी भिंतीला लागून बाक, तेच रात्रीचे पलंग, त्यांच्या पोटात साखळ्या आणि हत्यारं. एका कोपऱ्यात कंडक्टरचं टेबल. वर घुमटीत चढायला दोन पायऱ्या.

इतकं छान होतं तर लोक त्यात जखमी का व्हायचे?

गाडीतल्या ढिलाईमुळे. प्रत्येक कपलिंगमध्ये वीतभर मोकळीक धरा. शंभर वॅगनला शंभर विती. इंजिन निघतं तेव्हा पहिली वॅगन हलते, मग दुसरी, तिसरी, आणि खडखडाट मागे मागे येत जातो. शेवटचा डबा हलतो तेव्हा इंजिन बरंच पुढे गेलेलं असतं, म्हणून त्याला हिसका बसतो तो एकदम. थांबताना उलटं. कबूसमध्ये उभं राहायचं तर एक हात कशाला तरी धरूनच. आवाज येताना ऐकू येतो, हाच काय तो दिलासा.

बर्फ काढायलाही कबूस लागायचा?

हो. पुढे नांगर, मागे ढकलणारं इंजिन आणि शेवटी कबूस, अशी गाडी निघायची. बर्फात रुतून दिवस गेला तर अन्न आणि ऊब त्याच डब्यात.

मग कबूस गेला कसा?

एका झटक्यात नाही. त्याची कामं एकेक करून दुसरीकडे गेली. बेअरिंग सुधारली, अ‍ॅक्सल तापणं कमी झालं. रुळांच्या कडेला तापमान मोजणारी यंत्रं बसली. वायरलेस आला. सिग्नल दूरच्या नियंत्रण कक्षातून चालायला लागले, मशाल घेऊन चालायची गरज उरली नाही. कागद संगणकात गेले. शेवटी डब्यात दोन माणसं आणि एक शेगडी उरली, आणि हिशेब तपासणाऱ्याने विचारलं की हे कशासाठी.

पहिला मोठा घाव फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेवर बसला. तिथे जानेवारी १९६३ मध्ये संप झाला, तो वर्षानुवर्षं चालला, आणि कंपनीने मोजक्या माणसांवर गाड्या चालवायची सवय लावून घेतली. १९७० च्या आसपास तिने शेवटच्या वॅगनच्या कपलिंगवर दिव्याचं खोकं अडकवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कामगार संघटनेशी तडजोड झाली आणि मग उतार लागला. काही राज्यांत कबूस सक्तीचा करणारे कायदे होते. शेवटचा व्हर्जिनियाचा, तो १९८८ मध्ये रद्द झाला.

ते लाल दिव्याचं खोकं करतं काय?

लुकलुकतं, आणि शेवटच्या वॅगनपाशी ब्रेक पाईपमध्ये हवेचा दाब किती आहे ते रेडिओवरून इंजिनाला कळवतं. कामगार त्याला ‘फ्रेड’ म्हणतात. नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं आहे, आणि पहिल्या अक्षराचा खरा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही असं जुने ब्रेकमन म्हणतात.

सुरुवातीचं खोकं फक्त सांगायचं, ऐकायचं नाही. म्हणजे कंडक्टरचा तो व्हॉल्व्ह गेला होता आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. पाईप मध्येच कुठे बंद झाला तर ड्रायव्हरने लावलेला ब्रेक त्या जागेपर्यंतच पोचणार, मागच्या वॅगन मोकळ्या. १ फेब्रुवारी १९९६ ला कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटात अशीच गाडी उतारावर बेलगाम सुटली, दोन कर्मचारी गेले. १९९७ मध्ये इंजिनातून बटण दाबून मागच्या टोकालाही पाईपमधली हवा सोडून ब्रेक लावता येतील अशी दुतर्फी खोकी सक्तीची झाली. व्हॉल्व्ह परत आला, माणसाशिवाय.

पुढे बँगोर अँड अरूस्टुकचं काय झालं?

१९९५ मध्ये ती विकली गेली, पुढे दिवाळखोरीत निघाली आणि २००३ मध्ये शेजारच्या काही मार्गांसह ‘माँट्रियल, मेन अँड अटलांटिक’ या नव्या प्रादेशिक कंपनीत गेली. पैसा कमी, रूळ जुने, माणसं आणखी कमी. २०१२ पासून कॅनडातल्या भागात ती एका माणसावर मालगाडी चालवायला लागली.

लाक-मेगांतिकचा अपघात याच रेल्वेचा ना? मागे गार्ड असता तर टळला असता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

५ जुलै २०१३ च्या रात्री अकराच्या सुमाराला ७२ टँकर कच्चं तेल घेऊन या कंपनीची गाडी कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या नांत गावापाशी उभी राहिली. पाच इंजिनं, दहा हजार टनांच्या वर वजन, माणूस एक. जागा उताराची, साधारण ८३ ला १. भोर घाटाच्या ३७ ला १ पुढे हे काहीच नाही, पायी चालताना कळणारही नाही. पण खाली अकरा किलोमीटरवर लाक-मेगांतिक गाव होतं.

ड्रायव्हरने सात हँडब्रेक आवळले आणि गाडी हलते का हे तपासलं. तपासताना इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेले होते, त्यामुळे गाडी हलली नाही, पण ती हँडब्रेकमुळे थांबली आहे की हवेमुळे हे त्यातून कळणार नव्हतं. टँकरचे हवेचे ब्रेक लावलेलेच नव्हते. एक इंजिन चालू ठेवून तो टॅक्सीने हॉटेलात गेला. मध्यरात्रीच्या जरा आधी त्या इंजिनाला आग लागली, अग्निशामक दलाने ती विझवली आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद, म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. हवा हळूहळू गळत गेली, तसे इंजिनांचे ब्रेक सैल पडत गेले. एक वाजायच्या थोडं आधी गाडी आपोआप निघाली आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने गावाच्या मधोमध रुळांवरून उतरली. ६३ टँकर घसरले, साठ लाख लिटर तेल सांडून पेटलं, ४७ माणसं मेली.

कॅनडाच्या तपास मंडळाने हिशेब केला की ती गाडी नुसत्या हँडब्रेकवर धरायला १७ ते २६ हँडब्रेक लागले असते. दुसरा माणूस असता तर अपघात टळला असता का, यावर मंडळाने ठाम निष्कर्ष काढता येत नाही असंच म्हटलं. माझं मत विचाराल तर, दुसरा माणूसही सातच ब्रेक लावून निघून जाऊ शकला असता. पण दहा हजार टनांच्या गाडीचे वीस-पंचवीस ब्रेक अंधारात, दिवसभराच्या कामानंतर, एकट्याने एकेका टँकरपाशी जाऊन आवळायचे, आणि मग पुढे येऊन तपासायचे, हे काम कागदावर एका माणसाचं करून ठेवणाऱ्याने कधी ते चाक फिरवलेलं नसावं. कबूसची बाकीची सगळी कामं यंत्रांनी घेतली. हँडब्रेक घेतला नाही.

आणि एक गोष्ट. त्या गाडीला एक कबूस होताही! मागे नाही, पुढे, इंजिनांच्या रांगेत. एका माणसाला रिमोटने इंजिन चालवता यावं म्हणून लागणारी यंत्रं एका जुन्या धाटणीच्या कबूसमध्ये बसवली होती. त्या सात हँडब्रेकपैकी एक या डब्याचा होता.

त्यानंतर नियम बदलले का?

कॅनडाने त्याच महिन्यात धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांवर किमान दोन माणसं सक्तीची केली. अमेरिकेचा दोन माणसांचा नियम एप्रिल २०२४ मध्ये आला. कंपनी ऑगस्ट २०१३ मध्येच दिवाळखोरीत गेली. मार्ग आधी सेंट्रल मेन अँड क्विबेककडे आणि २०२० मध्ये कॅनेडियन पॅसिफिककडे गेले.

आता कबूस बघायला मिळतो का?

उत्तर मेनमध्ये ओकफिल्डच्या जुन्या स्टेशनात रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे बँगोर अँड अरूस्टुकचा एक जपलेला आहे. इतरत्र उपाहारगृहं, बागेतल्या खोल्या, पाहुण्यांची घरं झाली आहेत. रुळांवर उरले आहेत ते गाडी लांबवर उलटी ढकलत न्यायची असते तिथे, पुढच्या टोकाला माणूस उभा राहायला. बऱ्याचदा खिडक्या पत्र्याने बंद असतात.

आपल्याकडेही ब्रेक व्हॅन जाणार का?

सुरुवात झाली आहे. काही मालगाड्यांना मागच्या टोकाला तसंच यंत्र लावून चालवतात. जानेवारी २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. भुसावळच्या कॉलनीत मात्र कुणी कुणाच्या वडिलांना अजून ट्रेन मॅनेजर म्हणत नाही.

तुमच्या वडिलांना कबूस दाखवला का?

फोटो दाखवले. पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवलेला त्यांचा काळा लाईन बॉक्स, म्हणजे गार्डची सामानाची पेटी, आमच्या पलंगाखाली अजून आहे, त्यावर बसूनच त्यांनी ते पाहिले. शेगडी बघून हसले. पडदे बघून काहीच बोलले नाहीत. मग बाहेरच्या पायऱ्यांपाशी उभ्या दांड्यावर असलेलं हँडब्रेकचं चाक बोटांनी मोठं करून बघत बसले, आणि विचारलं, “हे फिरवून पाहिलंस का?”

मी पाहिलं नव्हतं.